विश्लेषण : डोमेनच्या बिलातून आयकॅनकडे जाणाऱ्या पैशांचा हिशेब कुणी विचारायचा?

इंटरनेटच्या पत्त्यांचा कारभार पाहणाऱ्या ‘आयकॅन’चा खर्च जगभरातील डोमेनधारकांच्या खिशातून चालतो. पण तिच्या १६ जणांच्या संचालक मंडळात सामान्य वापरकर्त्यांनी पाठवलेला संचालक एकच. एके काळी असे पाच संचालक थेट ऑनलाइन मतदानाने निवडून आले होते. त्यातल्या एकाला संस्थेची खातेवही पाहण्यासाठी न्यायालयात जावे लागले. तो खटला तो जिंकला, पण त्याची खुर्ची राहिली नाही. हे सगळे प्रकरण काय आहे?

समजा, सांगलीतील एका हळद व्यापाऱ्याने दुकानाच्या नावाने डॉट कॉम पत्ता घेतला आहे. वर्षातून एकदा मोबाइलवर नूतनीकरणाचा संदेश येतो, तो यूपीआयने पैसे भरतो आणि विसरून जातो. त्या रकमेतले २० सेंट, म्हणजे साधारण सतरा-अठरा रुपये, विक्रेता कंपनीमार्फत अमेरिकेत लॉस एंजेलिसला जातात. काही विक्रेते बिलात ‘आयकॅन फी’ अशी वेगळी ओळ दाखवतात, काही दाखवत नाहीत. सतरा रुपयांसाठी कोण डोके लावणार? पण एकट्या डॉट कॉमचे पत्ते १५ कोटींहून अधिक आहेत.

आयकॅन नेमके करते काय?

ब्राउझरमध्ये आपण नाव टाइप करतो, पण यंत्रांना लागतो आकडा, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस. नावावरून आकडा शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. या यंत्रणेच्या मुळाशी एक यादी आहे. डॉट कॉम कुठे विचारायचे, डॉट इन कुठे, डॉट ओआरजी कुठे, हे ती सांगते. तिला ‘रूट झोन’ म्हणतात. या यादीत कोणते नाव असावे, ते कोणत्या संस्थेने चालवावे आणि कोणत्या अटींवर, हे ठरवण्याचे काम आयकॅनचे. व्हॉट्सअ‍ॅपवर काय फिरते, कोणती साइट बंद करायची, इंटरनेट पॅकचे दर काय असावेत, याच्याशी तिचा संबंध नाही.

ही यादी बरीच वर्षे जॉन पोस्टेल हे संगणकशास्त्रज्ञ सांभाळत होते. १९९० च्या दशकात नावांचा बाजार फुगला, तेव्हा अमेरिकी सरकारने हे काम एका ना-नफा संस्थेकडे द्यायचे ठरवले. सप्टेंबर १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली आयकॅनची नोंदणी झाली. पुढच्याच महिन्यात पोस्टेल यांचे निधन झाले. ज्याच्या शब्दावर सगळे चालत होते तो माणूस गेला आणि मागे उरली एक नवी कोरी कंपनी, तिची घटना आणि तिचे वकील.

तिच्याकडे पैसा येतो कुठून?

दोन नळांतून. पहिला नळ विक्रेत्यांचा, म्हणजे रजिस्ट्रारचा. प्रत्येक नोंदणी किंवा नूतनीकरणामागे अनेक वर्षे १८ सेंट घेतले जात. जुलै २०२५ पासून ते २० सेंट झाले. दुसरा नळ रजिस्ट्रीचा, म्हणजे ज्या कंपनीकडे अख्ख्या डॉट कॉमची किंवा डॉट शॉपची वही असते तिचा. डॉट कॉम चालवणारी व्हेरिसाइन ही कंपनी प्रत्येक नावामागे वर्षाला सुमारे २५ सेंट देते. दोन्ही मिळून ढोबळ हिशेब केला तरी नुसत्या डॉट कॉममधून वर्षाला सात कोटी डॉलरच्या आसपास रक्कम येते. आयकॅनची एकूण वार्षिक उलाढाल अलीकडच्या वर्षांत साडेचौदा कोटी डॉलरच्या घरात राहिली आहे.

डॉट इनची गोष्ट वेगळी. देशांच्या पत्त्यांवर आयकॅनची प्रतिनाव फी नाही, त्या रजिस्ट्री स्वेच्छेने वर्गणी देतात. त्यामुळे आपल्या व्यापाऱ्याने डॉट इन घेतले असते, तर त्याच्या बिलातली ही ओळ गायब झाली असती.

या पैशाला कर म्हणता येत नाही, कारण आयकॅन सरकार नाही. त्याला नुसती किंमत म्हणणेही अवघड, कारण दुसऱ्या दुकानात जाण्याची सोय नाही. रूट झोन एकच आहे. म्हणूनच ‘ही संस्था खर्च कसा करते आणि पैसे देणाऱ्याला त्यात बोलता येते का’ हा प्रश्न तिच्या जन्मापासून मागे लागला आहे.

२००० ची ती निवडणूक काय होती?

आयकॅनच्या पहिल्या घटनेत एक धाडसी तरतूद होती. १९ संचालकांपैकी नऊ जण सामान्य वापरकर्त्यांनी निवडावेत, असा मूळ विचार होता. प्रत्यक्षात पाचच जागांवर निवडणूक झाली, जगाच्या प्रत्येक विभागासाठी एक. मतदार कोण? ई-मेल आणि टपालाचा पत्ता असलेला कुणीही. नोंदणी ऑनलाइन करायची, मग घरी टपालाने पिन यायचा, तो टाकून सदस्यत्व सुरू करायचे आणि मत द्यायचे. ओटीपीच्या जमान्यात हे गमतीचे वाटेल, पण त्या काळी बनावट मतदार रोखण्याचा तोच एक उपाय सुचला होता.

सुमारे १ लाख ५८ हजार जणांनी नोंदणी केली. त्यातल्या सुमारे ७६ हजार जणांनी पिन वापरून सदस्यत्व सुरू केले. ऑक्टोबर २००० मध्ये प्रत्यक्ष मतदान केले ३४ हजारांनी. सर्वाधिक मतदार आशियातून आले, आणि त्यामागे जपान, चीन, कोरिया या देशांतल्या नोंदणी मोहिमा होत्या. आशियाची जागा जपानच्या मासानोबू काटोह यांनी जिंकली. आफ्रिकेतून घानाचे नी क्वेनॉर, लॅटिन अमेरिकेतून ब्राझीलचे इव्हान मोरा कॅम्पोस निवडून आले. युरोपने तर जर्मनीतील ‘केऑस कॉम्प्युटर क्लब’ या हॅकरांच्या संघटनेचे अँडी म्युलर-मागून यांना पाठवले.

उत्तर अमेरिकेतून आले कार्ल ऑअरबाख. नेटवर्क अभियंता, तेव्हा सिस्को कंपनीत नोकरीला, शिवाय कायद्याची पदवी. आयकॅनचे ते जुने आणि जाहीर टीकाकार. अशा माणसाला वापरकर्त्यांनी संचालक मंडळात पाठवले होते.

मग खातेवहीचा वाद कसा पेटला?

संचालक झाल्यावर ऑअरबाख यांनी साधी मागणी केली. संस्थेचा खतावणीचा तपशील, म्हणजे कोणाला, कशासाठी, किती पैसे दिले हे पाहायचे आहे. संचालक म्हणून खर्चाला मंजुरी द्यायची तर आकडे पाहायला नकोत का, असा त्यांचा सवाल.

वही लगेच मिळाली नाही. २००१ मध्ये आयकॅनच्या प्रशासनाने कागद पाहण्याची एक कार्यपद्धती तयार केली. तिच्यात अट होती की आधी गोपनीयतेच्या नियमांवर सही करायची, आणि कोणता कागद गोपनीय हे प्रशासन ठरवणार. यामागचे म्हणणे असे की नोंदींत कर्मचाऱ्यांची खासगी माहिती असते, करार असतात, ते बाहेर गेले तर नुकसान होईल. ऑअरबाख यांचे उत्तर असे की संचालकावर विश्वस्ताची जबाबदारी कायद्यानेच असते. प्रशासन संचालकांच्या हाताखाली काम करते, संचालक प्रशासनाच्या हाताखाली नव्हे. त्यांनी सही केली नाही.

महाराष्ट्रात गृहनिर्माण सोसायटीच्या सभेला बसलेल्या कुणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. ‘ऑडिट झालंय ना, मग वही कशाला हवी?’ हे वाक्य तिथे दरवर्षी ऐकू येते. आपल्याकडे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे कलम ३२ साध्या सभासदालाही ठरावीक कागद पाहण्याचा हक्क देते. इथे तर निवडून आलेला संचालक दाराबाहेर उभा होता.

मार्च २००२ मध्ये ऑअरबाख यांनी लॉस एंजेलिसच्या न्यायालयात आयकॅनवर दावा ठोकला. डिजिटल हक्कांसाठी काम करणारी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन त्यांच्या बाजूने उभी राहिली. एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. हा खटला अफरातफरीच्या आरोपाचा नव्हता, फक्त पाहण्याच्या हक्काचा होता. कॅलिफोर्नियाचा कायदा या बाबतीत अगदी सरळ आहे. ना-नफा संस्थेच्या प्रत्येक संचालकाला, योग्य वेळी, संस्थेची सर्व पुस्तके, नोंदी आणि कागदपत्रे पाहण्याचा व त्यांच्या प्रती घेण्याचा निरपवाद हक्क आहे. २९ जुलै २००२ रोजी न्यायालयाने ऑअरबाख यांच्या बाजूने निकाल दिला. मागणी करून दीड वर्ष उलटून गेले होते.

ते जिंकले, मग त्यांचे पद का गेले?

कारण खटला दाखल होण्याआधीच घटना बदलायचे काम सुरू झाले होते. फेब्रुवारी २००२ मध्ये आयकॅनचे तेव्हाचे अध्यक्ष स्टुअर्ट लिन यांनी सुधारणेचा आराखडा मांडला. जगभर ऑनलाइन निवडणुका घेणे व्यवहार्य नाही, असा त्याचा सूर होता. मतदारयादी खरी कशी राखायची? एखादी कंपनी किंवा देश गठ्ठ्याने मते फिरवू लागला तर? खर्च कोणी करायचा? हे प्रश्न खोटे नव्हते. कोट्यवधी वापरकर्त्यांच्या नावाने ३४ हजार मते, हा आकडा कुणालाही खटकेल.

पण दुसरा पर्यायही टेबलावर होता. स्वीडनचे माजी पंतप्रधान कार्ल बिल्ट यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यास समितीने २००१ च्या अखेरीस सुचवले होते की मतदार म्हणून डोमेनधारक घ्यावेत आणि त्यांनी सहा संचालक निवडावेत. ही सूचना अधिक पक्की होती, कारण डोमेनधारकाची नोंद आधीच विक्रेत्याकडे असते आणि पैसे देणाराही तोच असतो. मंडळाने ती स्वीकारली नाही. मार्च २००२ मध्ये घानातील आक्रा येथील बैठकीत पुढची निवडणूक न घेण्याचे ठरले आणि वर्षअखेरीस नवी घटना आली. २००३ मध्ये निवडून आलेल्या पाचही जणांची कारकीर्द संपली. त्यांच्या जागांवर दुसरे कुणी निवडून आले नाही, कारण त्या जागाच उरल्या नव्हत्या. वापरकर्त्यांनी आयकॅनचे संचालक थेट मतदानाने निवडले, ते त्या एकाच वेळी.

आता वापरकर्त्यांच्या वतीने कोण बोलते?

निवडणुकीच्या बदल्यात एक सल्लागार समिती आली. तिचे नाव एलॅक. तिचे १५ सदस्य असतात. जगाच्या पाच विभागांतील वापरकर्त्यांच्या संघटना प्रत्येकी दोन सदस्य पाठवतात आणि उरलेले पाच आयकॅनची नामांकन समिती नेमते. भारत आशिया-ऑस्ट्रेलिया-पॅसिफिक विभागात येतो. ‘सल्लागार’ या शब्दात सगळे आले. सल्ला द्यायचा, तो ऐकायचा की नाही हे मंडळाने ठरवायचे.

२०१० मध्ये यात थोडी भर पडली. या समुदायाला मताधिकार असलेला एक संचालक निवडण्याचा हक्क मिळाला आणि फ्रान्सचे सेबास्टियन बाशोले पहिले ठरले. आज मंडळाची रचना अशी आहे : मताधिकार असलेले १६ संचालक. त्यातले आठ नामांकन समिती निवडते. आयपी अ‍ॅड्रेसवाल्या संस्था दोन, देशांच्या रजिस्ट्री दोन, डॉट कॉमसारख्या सर्वसाधारण नावांच्या धोरणाचा गट दोन, वापरकर्ते एक, आणि मुख्याधिकारी पदसिद्ध. नामांकन समितीची चर्चा गोपनीय असते. कोणी अर्ज केले, कोणाचा का नाकारला, हे बाहेर येत नाही. निम्मे मंडळ असे निवडले जाते.

आणखी एक बाब, जिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. वापरकर्त्यांच्या प्रतिनिधींचा विमानप्रवास, हॉटेल, त्यांच्या समितीचे कर्मचारी हा खर्च आयकॅनच करते. दुसरा मार्गही नाही. सांगलीचा व्यापारी स्वतःच्या खर्चाने वर्षातून तीन वेळा परदेशी बैठकांना जाणार नाही, व्हेरिसाइनचा माणूस जाईल. तरीही ज्याच्या खर्चावर नजर ठेवायची त्याच्याच तिकिटावर यायचे, ही स्थिती अवघडच. प्रतिनिधींच्या हेतूवर शंका न घेताही हे म्हणता येते.

२०१६ मध्ये काय बदलले?

तोपर्यंत आयकॅनवर अमेरिकेच्या वाणिज्य खात्याची देखरेख होती. १ ऑक्टोबर २०१६ रोजी ती संपली. त्यानंतरची पहिलीच बैठक भारतात, हैदराबादला, ३ ते ९ नोव्हेंबर २०१६ या काळात झाली. तारखा पाहिल्या तर लक्षात येईल की आठव्या तारखेच्या रात्री नोटाबंदी जाहीर झाली. इंटरनेटचा कारभार ‘जागतिक समुदाया’च्या हाती आल्याचा सोहळा एकीकडे, आणि दुसरीकडे खिशातल्या पाचशेच्या नोटेचे काय करायचे हा प्रश्न, अशी ती बैठक संपली.

अमेरिकी सरकार बाजूला झाल्यावर आयकॅनला जाब विचारणार कोण? यासाठी घटनेत ‘अधिकारप्राप्त समुदाय’ अशी नवी रचना घातली गेली. पाच गट तिचे घटक : आयपी अ‍ॅड्रेसच्या संस्था, देशांच्या रजिस्ट्री, सर्वसाधारण नावांचा गट, सरकारांची समिती आणि वापरकर्त्यांची एलॅक. हे गट मिळून वार्षिक अर्थसंकल्प फेटाळू शकतात, एखाद्या संचालकाला किंवा अख्ख्या मंडळाला घरी पाठवू शकतात. यातल्या प्रत्येक गटाला हिशेबाची पुस्तके पाहण्याचा हक्क आहे. तीन गट एकत्र आले तर स्वतंत्र संस्थेकडून हिशेबाची चौकशी मागू शकतात. ऑअरबाख यांनी जे न्यायालयातून मिळवले, त्याचा एक भाग चौदा वर्षांनी घटनेत लिहिला गेला.

फरक इतकाच की हा हक्क गटाला आहे, माणसाला नाही. एकट्या डोमेनधारकाला किंवा एकट्या सदस्याला वही मागता येत नाही. आधी आपल्या गटात बहुमत जमवायचे, मग पत्र द्यायचे.

हा वापरकर्त्यांचा आवाज कधी कामी आला का?

आला, पण घटनेने नेमलेल्या दारातून नाही. डॉट ओआरजीचे प्रकरण त्याचा नमुना आहे. धर्मादाय संस्था, संघटना, शाळा हा पत्ता वापरतात. ‘प्रथम’सारख्या मुंबईत सुरू झालेल्या संस्थेचा पत्ताही डॉट ओआरजीच. या नावांची वही ‘पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री’ ही ना-नफा संस्था सांभाळते आणि तिची मालकी इंटरनेट सोसायटीकडे आहे.

डॉट ओआरजीची किंमत वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही, असे बंधन जुन्या करारात होते. २०१९ मध्ये करार नव्याने करताना हे बंधन काढण्याचा प्रस्ताव आला. आयकॅनने नेहमीप्रमाणे जनतेची मते मागवली. तीन हजारांहून अधिक प्रतिक्रिया आल्या आणि बहुतेक सगळ्या विरोधात होत्या. जूनअखेर करारावर सह्या झाल्या, बंधनाशिवाय. त्यानंतर पाच महिनेही झाले नव्हते, तोच १३ नोव्हेंबरला बातमी आली की इंटरनेट सोसायटी ही रजिस्ट्री ‘एथॉस कॅपिटल’ या खासगी गुंतवणूक कंपनीला विकते आहे. सौदा ११३.५ कोटी डॉलरचा. आयकॅनचे माजी मुख्याधिकारी फादी शहादे हे त्या कंपनीचे सल्लागार असल्याचेही समोर आले.

मग गदारोळ झाला. जानेवारी २०२० मध्ये ना-नफा संस्थांचे कार्यकर्ते फलक घेऊन लॉस एंजेलिसमधील आयकॅनच्या कार्यालयाबाहेर उभे राहिले. तांत्रिक संस्थेच्या दारात घोषणाबाजी होण्याचा हा दुर्मीळ प्रसंग. संचालक मंडळाच्या अध्यक्षांनी बाहेर येऊन त्यांचे निवेदन घेतले. पण तराजू झुकवला तो १५ एप्रिल २०२० च्या एका पत्राने. कॅलिफोर्नियाचे महाधिवक्ता झेव्हियर बेसेरा यांनी हा सौदा नाकारावा असे आयकॅनला कळवले. ना-नफा संस्थांवर देखरेख हा त्या पदाचा अधिकार आहे आणि आयकॅन कॅलिफोर्नियातच नोंदलेली आहे. ३० एप्रिलला मंडळाने सौद्याला संमती नाकारली. रजिस्ट्रीवर ३६ कोटी डॉलरपर्यंत कर्जाचा बोजा येणार होता, हेही एक कारण होते.

तीन हजार पत्रांनी जे झाले नाही, ते एका राज्याच्या कायदा अधिकाऱ्याच्या पत्राने झाले. २००२ मध्येही खातेवही उघडली होती ती कॅलिफोर्नियाच्याच कायद्याने. जागतिक समुदायाच्या नावाने चालणाऱ्या संस्थेला दोन्ही वेळा लगाम लागला तो ती जिथे नोंदली आहे तिथून. भारतातल्या वापरकर्त्याने यावर किती समाधान मानायचे, हा वेगळा प्रश्न. तो त्या राज्यात मतदार नाही.

लिलावाच्या पैशांचे काय झाले?

२०१२ मध्ये आयकॅनने नव्या नावांसाठी अर्ज मागवले. अर्जाची फी प्रत्येकी १ लाख ८५ हजार डॉलर. तरीही १,९३० अर्ज आले, म्हणजे नुसती फी ३५ कोटी डॉलरवर गेली. एकाच नावावर अनेकांनी दावा सांगितला आणि तडजोड झाली नाही तर शेवटचा उपाय म्हणून लिलाव. ‘डॉट अ‍ॅप’साठी गुगलने अडीच कोटी डॉलर मोजले, ‘डॉट वेब’ तर साडेतेरा कोटींना गेले. लिलावांतून आयकॅनकडे २३ कोटी डॉलरहून अधिक जमले. हा पैसा नेहमीच्या कामकाजात मिसळायचा नाही, वेगळा ठेवायचा, असे ठरलेले होते. त्याचा विनियोग कसा करायचा हे ठरवण्यासाठी सर्व गटांची समितीही बसली.

समिती चर्चा करत असतानाच, ऑक्टोबर २०१८ मध्ये, मंडळाने यातले ३.६ कोटी डॉलर संस्थेच्या राखीव निधीत वळवले. अमेरिकी देखरेख संपवण्याच्या प्रक्रियेचा खर्च राखीव निधीतून झाला होता, त्यात वकिलांच्या फीचा वाटा मोठा, आणि तो खड्डा भरायचा होता. हे काही चोरून झाले नाही. ठराव प्रसिद्ध झाला, मते मागवली गेली. पण ज्या प्रक्रियेतून उत्तरदायित्वाचे नवे नियम जन्माला आले, तिचेच बिल भागवण्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशाला हात लागला. उरलेल्या रकमेतून अनुदान देण्यासाठी अर्ज मागवायला २०२४ साल उजाडले. पहिल्या फेरीची तरतूद होती एक कोटी डॉलर.

भारतातून कुणी हिशेब मागितला आहे का?

मागितला आहे. बंगळूरुच्या ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ या संस्थेने २०१४ मध्ये आयकॅनला विचारले, की डोमेनमधून येणारे उत्पन्न नेमके कोणकोणत्या कंपन्यांकडून किती येते? एकूण आकडा वार्षिक अहवालात असे, नावनिहाय फोड नसे. प्रश्न दिल्लीतील एका चर्चेत समोरासमोर विचारला गेला आणि पाठपुरावा झाला. डिसेंबर २०१४ मध्ये ती माहिती हाती आली आणि संस्थेने ती सर्वांसाठी खुली केली. त्यानंतर या संस्थेने आयकॅनकडे माहितीचे अनेक अर्ज केले. काहींना उत्तर म्हणून आधीच प्रसिद्ध असलेल्या कागदांचे दुवे मिळाले, काहींना नकार.

हे अर्ज माहिती अधिकारासारखे दिसतात, पण तसे नाहीत. आयकॅनकडे कागदपत्रे उघड करण्याचे धोरण आहे. अर्जाला शुल्क नाही, उत्तराची मुदत ३० दिवस. आपल्या माहिती अधिकारातही ३० दिवसच. मात्र तिथे धोरण आयकॅनने स्वतः लिहिलेले आहे, नकाराची कारणेही तिनेच ठरवलेली. आपल्याकडे मागे संसदेचा कायदा आहे आणि वर माहिती आयोग. डॉट इन चालवणारी ‘निक्सी’ ही केंद्र सरकारच्या छत्राखालची ना-नफा कंपनी माहिती अधिकाराच्या कक्षेत येते. म्हणजे डॉट इनच्या खर्चाबद्दल दहा रुपयांत प्रश्न विचारता येतो. डॉट कॉममधून जाणाऱ्या सतरा रुपयांबद्दल तशी सोय नाही.

याचा अर्थ सरकारी छत्र बरे, असा थेट काढता येणार नाही. निक्सीत सरकारचा शब्द चालतो, डोमेनधारकाने निवडलेला संचालक तिथेही नाही. इंटरनेटचा कारभार संयुक्त राष्ट्रांतील सरकारांच्या समितीकडे द्यावा असा प्रस्ताव भारताने २०११ मध्ये मांडला होता. पुढे २०१५ मध्ये केंद्राने सरकार, कंपन्या, तज्ज्ञ आणि वापरकर्ते सगळ्यांनी मिळून चालवायच्या पद्धतीला पाठिंबा जाहीर केला. सरकार एकटे बोलले, तर नागरिकाचा आवाज फक्त परराष्ट्र धोरणाच्या वाटेने पोहोचतो.

मराठी वापरकर्त्याचा यात काय संबंध?

पैशांपलीकडचाही संबंध आहे. देवनागरीत ‘डॉट भारत’ पत्ते २०१४ पासून मिळतात आणि मराठीतही घेता येतात. डॉटच्या उजवीकडच्या नावात देवनागरीची कोणती अक्षरे चालतील, कोणती जोडाक्षरे फसवणुकीला वाव देतील, याचे नियमही आयकॅनच्या चौकटीतच ठरले. ते ब्राह्मी कुळातील भारतीय लिप्यांसाठीच्या एका स्वयंसेवी तज्ज्ञगटाने तयार केले आणि २०१९ मध्ये ते मूळ यादीच्या नियमांत आले. पुण्याच्या सी-डॅकमधील तज्ज्ञ त्या गटात होते. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक हिंदीभाषक माणसाला जाणवत नाही, मराठी माणसाला लगेच दिसतो. मराठी जाणणारे टेबलाशी बसले असतील, तरच अशा अक्षराचा मुद्दा निघतो.

बैठकांना प्रवेश विनामूल्य आहे, नोंदणी करून ऑनलाइनही बसता येते. मार्च २०२६ च्या ८५ व्या बैठकीसाठी आयकॅनने मुंबई हे ठिकाण जाहीर केले होते. व्यक्ती म्हणून आशिया विभागाच्या वापरकर्ता संघटनेचे सदस्य होता येते, त्यासाठी फी नाही. आयकॅनचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते. त्याआधी, साधारण डिसेंबरच्या सुमारास, अर्थसंकल्पाचा मसुदा प्रतिक्रियांसाठी खुला होतो आणि त्यावर कुणीही लिहू शकते. आयकॅन आपले महत्त्वाचे कागद संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत देते : इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, चिनी आणि अरबी. त्यांत भारतातली एकही भाषा नाही.